तळघरातलं पाणी : दोष शेजाऱ्याचा की आपल्याच घराचा?

तळघराची भिंत ओली झाली की आपण रंगाचा डबा आणतो आणि शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. पण ते पाणी अनेकदा आपल्याच घरातून निघालेलं असतं. ते कुठून आलं हे शोधणं अवघड नाही. मात्र शोधण्यात उशीर झाला, तर प्रश्न भिंतीपुरता राहत नाही.

आमच्या सासरचं घर पुण्यात आहे. सासऱ्यांनी ते १९८४ साली उतारावरच्या प्लॉटवर बांधलं. उतारामुळे मागच्या बाजूला अर्धं जमिनीत गेलेलं एक तळघर आपोआप मिळालं. दहा बाय बाराची खोली, तिला लागून छोटं न्हाणीघर आणि भिंतीपलीकडे जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी. सासरे असताना तिथं त्यांची पुस्तकं होती. नंतर ती अडगळीची खोली झाली. गाद्या, दिवाळीचे कंदील, पिंप, पाण्याची मोटर आणि सासूबाईंची रुखवतातली ट्रंक, सगळं तिथंच.

एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस टाकीकडच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसू लागला. पाऊस सुरू व्हायचा होता, तेव्हा आमचा संशय सरळ शेजाऱ्यांवर गेला. त्यांनी त्याच वर्षी कुंपणाला लागून बाग केली होती आणि रोज संध्याकाळी पाइप सोडून झाडांना पाणी घालत. माझ्या दिरांनी त्यांना सुनावलं. तेही रागावले. वीस वर्षांचा घरोबा, पण बोलणं बंद झालं. मग आम्ही दुकानदाराच्या सल्ल्यानं ओल रोखणारा महागडा रंग आणला आणि भिंतीला दोन हात दिले. तीन आठवड्यांत त्या रंगाला पापडासारखे फुगे आले.

जुलैच्या एका सकाळी मोटर सुरू होईना म्हणून दीर खाली गेले. दोन दिवस तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या. गाद्या भिजून फुगल्या होत्या, ट्रंक अर्धी बुडाली होती आणि एक कुबट वास सुटला होता. दिरांनी पँट दुमडली आणि पाण्यात पाय टाकणार, एवढ्यात वरून सासूबाई ओरडल्या, "थांब! आधी मेन बंद कर!"

त्या एका हाकेमुळे आज हा लेख केवळ ओलीबद्दल लिहिता येतोय.

पहिल्या दहा मिनिटांत

तळघरात पाणी दिसलं की पहिला विचार सामान वाचवण्याचा येतो. तो दूर ठेवा. तळघरात बहुतेक वेळा मोटर असते, इन्व्हर्टर असतो, एखादी एक्स्टेंशन वायर जमिनीवर लोळत असते. त्या पाण्यात वीज उतरली आहे की नाही, हे पाहून कळत नाही.

म्हणून वरच्या मजल्यावरूनच घराचा मुख्य स्विच बंद करा. मुख्य स्विच तळघरातच असेल आणि तिथं जायला पाण्यातून जावं लागत असेल, तर जाऊ नका. वीज कंपनीला कळवा आणि बाहेरून पुरवठा तोडून घ्या. इन्व्हर्टर खाली असेल तर अधिक सावध राहा, कारण मेन बंद झाल्यावरही तो वीज देत राहतो.

वीज बंद झाल्याची खात्री पटल्यावरच खाली उतरा. पायात गमबूट, हातात रबरी मोजे आणि एक काठी असू द्या. साचलेल्या पाण्यात विंचू-साप आसऱ्याला येतात आणि फुटलेली काच दिसत नाही. पायाला जखम असेल आणि अशा पाण्यातून चालावं लागलं असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग दर पावसाळ्यात हीच सूचना देतो. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा पंप आणला, तर तो बाहेर उघड्यावर ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद तळघरात तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पूर येऊन तळघर काठोकाठ भरलं असेल, तर ते एका दमात रिकामं करू नका. बाहेरची माती पाण्यानं जड झालेली असते आणि ती भिंतीला बाहेरून रेटत असते. आतलं पाणी त्या रेट्याला अडवून धरतं. ते एकदम काढलं तर भिंतीला तडे जाऊ शकतात, फरशी वर उचलली जाऊ शकते. अशा वेळी पाणी दोन-तीन दिवसांत थोडं थोडं काढावं. आमच्याकडे घोट्याएवढंच पाणी होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

पाण्याला विचारा, कुठून आलंस?

दुपारी प्लंबरकाका आले. साठीच्या पुढचे, खिशात पेन्सिल, कानावर बिडी. आम्ही चौघं एकाच वेळी त्यांना शेजाऱ्यांची बाग दाखवू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, माणसांना नंतर विचारू. आधी पाण्याला विचारू, कुठून आलंस."

त्यांच्या मते तळघरात येणारं पाणी चार वाटांनी येतं. पहिली वाट पावसाची आणि जमिनीतल्या पाण्याची. ते भिंतीतून किंवा फरशीच्या सांध्यांतून झिरपतं आणि पावसाबरोबर वाढतं. दुसरी वाट महापालिकेच्या नळाची. गंजलेला पाइप किंवा सैल सांधा पाण्याच्या वेळेत वाहतो आणि इतर वेळी कोरडा असतो. तिसरी वाट घरातल्या टाकीची. चौथी सांडपाण्याची. मोरी, संडास किंवा बाहेरचं चेंबर तुंबलं की घाण पाणी घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं, आणि घरातलं सर्वांत खालचं तोंड म्हणजे तळघरातल्या न्हाणीघराची जाळी.

काकांनी सासूबाईंकडे एक वही मागितली. "आई, तीन दिवस लिहून ठेवा. पाणी कधी वाढलं, तेव्हा पाऊस होता का, नळ आला होता का, वर कोणी आंघोळ करत होतं का." भिंतीवर त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या, म्हणजे पातळी वाचता यावी.

तीन दिवसांची वही पाहून आम्ही चकितच झालो. एका दिवशी सकाळपासून ऊन होतं, तरी पाणी वाढलं. दुसऱ्या दिवशी दुपारभर धो-धो पाऊस पडला, तेव्हा वाढ नव्हती. सकाळी पाच ते नऊ या वेळात मात्र रोज पाणी चढत होतं. शेजारी बागेला पाणी घालत ते संध्याकाळी. त्या वेळेसमोर वहीत एकही नोंद नव्हती.

दीर काही न बोलता वर निघून गेले.

घरच्या घरी करता येतील अशा चाचण्या

पण गुंता सुटला नव्हता. पहाटे पाच ते सात आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं आणि त्याच सुमारास सगळ्यांच्या आंघोळी सुरू होतात. मग दोष नळाचा, टाकीचा की मोरीचा? काकांनी एकेक वाट वेगळी करून तपासली. या चाचण्यांना खर्च जवळजवळ नाही आणि त्या कुणालाही करता येतात.

मीटरची चाचणी : टाकीत पाणी घेणारा कॉक आणि थेट लाइनवरचे सगळे नळ बंद करा. पाणी आलेलं असताना मीटरकडे पाहा. काटा हलत असेल, तर मीटर आणि घर यांच्यामधला पाइप गळतोय. आमचा काटा हलला नाही.

टाकीची चाचणी : रात्री टाकी भरून घ्या. आत येणारा कॉक आणि मोटर, दोन्ही बंद ठेवा. एका काठीवर पाण्याची पातळी खुणेनं नोंदवा आणि सकाळी पुन्हा पाहा. पातळी जराही खाली जायला नको. आमची टाकी दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आहे. रात्रीत पाणी दहा सेंटिमीटर उतरलं. हिशेब केला तर ते ४०० लिटर भरलं. इतकं पाणी रोज रात्री आमच्या पायाखाली जात होतं.

रंगाची चाचणी : वरच्या संडासात खाण्याचा हिरवा रंग भरपूर टाकून दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि खाली थांबा. अर्ध्या तासात तळघरातल्या न्हाणीघराच्या जाळीतून हिरवट पाणी वर आलं. म्हणजे बाहेरचं चेंबर तुंबलं होतं आणि सांडपाणी उलटं फिरत होतं.

प्लास्टिकची चाचणी : ओलसर भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले, तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आले, तर तो हवेतला दमटपणा आहे. त्याला खिडकी आणि पंखा पुरतो, तोडफोडीची गरज नाही.

आमच्या घरात एक नव्हे, दोन दोष निघाले. टाकीला तडा गेला होता, शिवाय चेंबर तुंबलं होतं. काकांनी चेंबरचं झाकण उचललं, तेव्हा आत मुळांचं जाळं दिसलं. सासऱ्यांनी हौसेनं लावलेल्या उंबराची मुळं पाण्याच्या ओढीनं जुन्या स्टोनवेअरच्या पाइपांच्या सांध्यांत शिरली होती. त्याच मुळांनी चेंबरच्या विटा फोडल्या होत्या आणि टाकीच्या भिंतीलाही रेटा दिला होता.

आणि चेंबर टाकीपासून जेमतेम दोन फुटांवर होतं.

जे बाहेर जातं, ते आतही येतं

काका बराच वेळ त्या दोन फुटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पिता ते पाणी याच टाकीतलं ना?"

तड्यातून पाणी एकाच दिशेनं जात नाही. टाकी भरलेली असते तेव्हा चांगलं पाणी बाहेर पाझरतं. दुपारपर्यंत टाकी अर्धी रिकामी होते आणि बाहेरच्या मातीतली पातळी आतल्यापेक्षा वर जाते. तेव्हा बाहेरचं पाणी त्याच तड्यातून आत येतं. आमच्या टाकीबाहेरच्या मातीत फुटलेल्या चेंबरचं सांडपाणी मुरत होतं.

मला एकदम पुतण्या आठवला. जूनमध्ये त्याला कावीळ झाली होती. आम्ही सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याला दोष दिला होता, कारण त्याच्या आदल्या रविवारी मुलानं तिथं दोन प्लेट खाल्ल्या होत्या. जाऊबाईंना तेव्हा सातवा महिना लागलेला होता.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "कावीळ अ प्रकारची असेल, तर जंतू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला सरासरी चार आठवडे लागतात. रविवारी खाल्लेल्या पाणीपुरीनं त्याच आठवड्यात कावीळ होत नाही." मुलाची कावीळ टाकीमुळेच झाली असं सिद्ध करता येणार नव्हतं. पण पाणीपुरीवाल्यावरचा आरोप तर नक्कीच टिकत नव्हता.

डॉक्टरांना खरी काळजी जाऊबाईंची होती. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ इतरांना बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती आईच्या जिवावर बेतू शकते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. सांडपाणी नदीच्या पाण्यात मिसळून ते शहराच्या नळांत पोहोचलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ई प्रकारची होती, हे पुढे अनेक वर्षांनी कळलं. तिथं जे शहरभर घडलं, ते एखाद्या घराच्या टाकीत लहान प्रमाणात घडू शकतं.

जाऊबाईंची रक्ततपासणी झाली. अहवाल हाती येईपर्यंतचे ते दोन दिवस आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. अहवाल चांगला आला.

टाकीतलं पाणी दूषित आहे का, हे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. महापालिकेच्या पाण्यात थोडं क्लोरिन उरलेलं असतं. क्लोरोस्कोपच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की ते पाणी पिवळं होतं. थेट लाइनचं पाणी पिवळं झालं आणि टाकीतलं झालं नाही, तर टाकीत काहीतरी बिघडलं आहे असं समजा. दुसरा मार्ग म्हणजे प्रयोगशाळेतली जंतूंची तपासणी. आमच्या लाइनचं पाणी पिवळं झालं. टाकीतलं जसंच्या तसं राहिलं.

एक गैरसमज इथं दूर करायला हवा. स्वयंपाकघरातला साधा कँडलचा फिल्टर गढूळपणा काढतो, पण काविळीचे विषाणू त्याच्यातून निसटू शकतात. संशय असेल तेव्हा पाणी चांगली उकळी फुटल्यावर काही मिनिटं उकळू द्या. भाज्या आणि फळं धुवायला, चूळ भरायलाही तेच पाणी वापरा.

आतून रंग लावून पाणी का थांबत नाही?

आमचा महागडा रंग का फुगला, तेही काकांनी समजावलं. भिंतीबाहेर एक मीटर उंचीचं पाणी साचलं, तर तळाशी त्याचा दाब दर चौरस मीटरला एक टन असतो. रंगाचा पापुद्रा भिंतीच्या आतल्या बाजूला नुसता चिकटलेला असतो. मागून असा दाब आला की तो सुटतो. तोच थर बाहेरच्या बाजूनं असता, तर पाण्यानं त्याला उलट भिंतीवर दाबून धरलं असतं.

म्हणूनच नवं घर बांधताना तळघर बाहेरून जलरोधक करून घेणं सर्वांत शहाणपणाचं. आपल्याकडे त्यासाठी खाली आणि चारही बाजूंना शहाबादी फरशा बसवून पेटीसारखं वॉटरप्रूफिंग करण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. नंतर बाहेरून खणणं शक्य नसतं, तेव्हा आतून इलाज करावा लागतो. तडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे खोदून, न आकसणारं मसाल्याचं मिश्रण भरणं, भिंतीत भोकं पाडून दाबानं ग्राउट सोडणं, काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारं लेपन करणं, असे उपाय आहेत. पण क्रम चुकवू नका. आधी पाण्याचा उगम बंद करायचा, मग भिंत वाळू द्यायची आणि मगच लेप किंवा रंग.

आमच्याकडे काकांनी आधी चेंबर हलवलं. ते टाकीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला नव्यानं बांधलं आणि जुने पाइप काढून पीव्हीसीचे घातले. उंबर तोडायला सासूबाईंनी नकार दिला, म्हणून पाइपचा मार्गच त्याच्यापासून लांबून नेला. मग टाकी रिकामी केली. दोन दिवसांत तळघराच्या भिंतीवरचा डाग फिका पडू लागला. टाकीच दोषी असल्याचा तो शेवटचा पुरावा होता.

टाकीत माणूस उतरवताना हयगय करू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायूही साचतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा भागात पाण्याची टाकी साफ करायला उतरलेल्या चार कामगारांचा गुदमरून मृत्यू झाला. झाकण एक दिवस आधी उघडा, पंख्यानं हवा खेळवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस कायम उभा ठेवा. आतला बेशुद्ध पडला, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. वरूनच ओढा. अग्निशमन दलाला बोलवा. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये तर माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. त्यासाठी महापालिकेची यंत्रं मागवा.

दुरुस्तीनंतर टाकी घासून धुवावी. मग ती भरून दर हजार लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून टाकावी, रात्रभर ठेवावी आणि ते सगळं पाणी सोडून द्यावं. हे पाणी प्यायचं नाही. रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर पुरते. ती टाकल्यावर किमान एक तास थांबावं.

गटार वर, घर खाली

तळघरात न्हाणीघर किंवा संडास असेल, तर एक साधी गोष्ट बाहेर जाऊन पाहा. रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणाची पातळी तुमच्या तळघराच्या फरशीपेक्षा वर आहे का? असेल, तर गटार तुंबताच रस्त्याचं पाणी तुमच्या घरात येणार. पाणी आपली पातळी शोधतं, आणि तुमचं तळघर त्याला सोयीचं पडतं.

अशा घरांत सांडपाण्याच्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. तो पाण्याला बाहेर जाऊ देतो, परत येऊ देत नाही. वर्षातून एकदा उघडून तो साफ करावा, नाहीतर कचरा अडकून उघडाच राहतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे तळघरातलं सांडपाणी एका खड्ड्यात जमवून पंपानं वर चढवणं. झिरपणाऱ्या पाण्यासाठीही असा खड्डा आणि फ्लोट स्विचचा पंप उपयोगी पडतो. किती मोठा पंप लागेल, याचा अंदाज बादलीनं घ्या. पंधरा लिटरची बादली दहा मिनिटांत भरत असेल, तर तासाला ९० लिटर आणि दिवसाला दोन हजारांहून जास्त पाणी येतंय. ऐन पावसात वीज जाते आणि पंपाची गरजही तेव्हाच असते, म्हणून पर्यायी विजेची सोय आधीच करा. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराच्या भिंती आणि जमीन जलरोधक असावी, आवाराचं पाणी आत शिरू नये आणि तळघराचं छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर वर असावं, असं म्हटलं आहे. तळघर मुख्यतः सामान, वाहनं आणि यंत्रं ठेवण्यासाठी मानलं जातं. या नियमांना बगल दिली की काय होतं, ते देशानं पाहिलं आहे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत ओल्ड राजेंद्रनगरमध्ये रस्त्यावरचं पावसाचं पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. तिथं अभ्यासिका चालत होती. तळघराची परवानगी सामान आणि वाहनांसाठी होती.

आपल्या घरातही मुलाला अभ्यासाला निवांत जागा म्हणून, गावाकडून आलेल्या कामवाल्या मुलीला झोपायला म्हणून आपण तळघर देतो. ज्या खोलीला बाहेर पडायला एकच जिना आहे आणि पाणी त्याच जिन्यानं आत येऊ शकतं, तिथं पावसाळ्यात कुणालाही झोपवू नका.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

"आमच्याकडे कुठलं तळघर?" असं म्हणू नका. तुमच्या इमारतीखाली पार्किंग असेल, लिफ्टचा खड्डा असेल आणि जमिनीतली टाकी तर असतेच. लिफ्टच्या खड्ड्यात बारमाही पाणी साचत असेल, तर टाकी गळत असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासा. टाकी, बाहेरच्या सांडपाण्याच्या लाइन आणि चेंबर यांची दुरुस्ती ही सोसायटीची जबाबदारी असते. फ्लॅटच्या आतल्या मोरी-संडासातून होणारी गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची, असं महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सांगितलं आहे. तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या. सर्वसाधारण सभेत वर्षाला दोनदा टाकी साफ करण्याचा आणि त्याच वेळी टाकीची चाचणी करण्याचा ठराव करून घ्या. रात्रभर मोटर बंद ठेवण्यापलीकडे तिला काहीच लागत नाही.

ठेकेदार नेमतानाही घाई नको. जो माणूस पाणी कुठून येतं हे न शोधता थेट चौरस फुटाचा दर सांगतो, त्याला नमस्कार करून परत पाठवा. काय करणार, कोणतं साहित्य वापरणार आणि किती वर्षांची हमी देणार, हे लिहून घ्या. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर देण्याचं ठरवा.

मे महिन्यात करायची कामं

पावसाळ्याआधी एखादा रविवार यासाठी राखून ठेवा.

● चेंबरची झाकणं उघडून मुळं, गाळ आणि प्लास्टिक काढून घ्या.

● गच्चीचे पन्हाळी पाइप भिंतीपाशी सुटत असतील, तर त्यांचं पाणी दूर न्या.

● घराभोवतीच्या फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का, ते बादलीभर पाणी ओतून पाहा.

● टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीवर असेल, तर वीतभर कठडा बांधून वर घ्या आणि घट्ट झाकण बसवा.

● मोटर, इन्व्हर्टर आणि प्लग पॉइंट जमिनीपासून निदान कमरेएवढ्या उंचीवर न्या.

● महत्त्वाची कागदपत्रं आणि फोटो तळघरात ठेवू नका.

● मुख्य स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा. मुलांनाही.

आमच्या तळघराचं काम ऑगस्टअखेर संपलं. टाकीची पातळी आता रात्रीत तसूभरही उतरत नाही. सासूबाईंच्या ट्रंकेतला शालू वाचला, पण सासऱ्यांची पुस्तकं मात्र वाचवता आली नाहीत.

गणपतीत सासूबाईंनी मोदकांचं ताट दिरांच्या हातात दिलं आणि शेजारी पाठवलं. तो परत यायला दोन तास लागले. येताना शेजाऱ्यांच्या बागेतली जास्वंदीची परडी घेऊन आला. जाऊबाईंना सप्टेंबरमध्ये मुलगी झाली, आणि बारशाच्या दिवशी संध्याकाळी पुतण्यानं हट्ट धरला तेव्हा सगळं घर कोपऱ्यावर पाणीपुरी खायला गेलं.

सासूबाईंनी त्या पाणीपुरीवाल्याला विचारलं, "पाणी उकळलेलं आहे ना रे?"

तो हसून म्हणाला, "आजी, बाटलीचं आहे. तुमच्या घरचं कसं आहे?"